आठ हजारांश खोल

डेल्मर क्विस्टच्या कारखान्याच्या दाराबाहेर एक खिळा होता. त्या खिळ्यावर लाल टोपी लटकत असली की आत कुणी पाऊल टाकायचं नाही, हे टॅमरॅक फोर्ड गावात सगळ्यांना पाठ होतं. पोस्टमन पाकिटं उंबऱ्यावर ठेवून निघून जाई. एकदा स्वयंपाकघराच्या धुराड्याने पेट घेतला, तर डेल्मरची बायको आर्डिथ हिने आग एकटीने विझवली आणि टोपी उतरल्यावर जेवताना सांगितलं. डेल्मर म्हणाला, "बरं केलंस." तिने त्याच्या ताटलीत करपलेला पाव वाढला.

टोपीचा अर्थ एवढाच, की आत रीमर फिरतो आहे. रीमर म्हणजे बोटाएवढं, धारदार पात्यांचं हत्यार. पिस्तुलाच्या नळीच्या मागच्या तोंडात काडतुसासाठी जे घर असतं, ते कोरून मोठं करायचं ते याने. घर मोठं झालं की मोठं काडतूस बसतं, जास्त दारू मावते आणि गोळी जास्त जोराने जाते. सांगायला सोपं आहे. पण न्हाव्याने चुकून जास्त कापलेले केस महिन्याभरात वाढतात, कापलेलं पोलाद वाढत नाही. म्हणून टोपी.

डेल्मर एकाहत्तर वर्षांचा होता आणि चव्वेचाळीस वर्षं हेच करत होता. त्याचा जीव एकाच जातीच्या पिस्तुलावर होता: मधून मोडून उघडणारं, एका वेळी एकच काडतूस घेणारं, चौदा इंची नळीचं शिकारी पिस्तूल. वर दुर्बीण चढवली की ते वाढ खुंटलेल्या रायफलसारखं दिसतं, आणि रायफलवाले हसतात. हसोत बापडे. कंपनीकडून ही पिस्तुलं मवाळ काडतुसांची येत. हरणाला ती पुरेशी, पण एल्क नावाच्या मोठ्या सांबराची मादीसुद्धा घोड्याएवढी भरते. तिला ती कमी पडत. मग लोक नळी घेऊन डेल्मरकडे येत.

एक काडतूस तर त्याचं स्वतःचंच होतं. जुन्या, जाड काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिचं तोंड आवळायचं, की झालं 'थर्टी क्विस्ट'. दुकानात मिळत नसे. खोऱ्यात या काडतुसाचं घर कोरलेल्या अकरा नळ्या होत्या आणि अकराही जण पुंगळ्या घरीच करत, घरीच भरत. शिकारीच्या तंबूत कुणाची संपली तर शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी एकमेकांची काडतुसं घेत. अकराही घरं एका मापाची, तेव्हा कुणाचंही काडतूस कुणालाही चाले. डेल्मरला याचा फार अभिमान होता, आणि त्याच्या अभिमानाला लांबी, रुंदी, उंची असं सगळंच होतं.

त्या अभिमानाचा एक नमुना कामाच्या टेबलावर भिंतीला टांगलेला होता. तारेला बांधलेली एक नळी आणि तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर डेल्मरच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'हार्लन स्टब्स. अकरा हजारांश इंच खोल. टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून उत्तम.'

हार्लन स्टब्स खालच्या गावचा बंदूकवाला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने एका नळीचं घर जास्त खोल कापलं आणि गिऱ्हाईक ती नळी घेऊन डेल्मरकडे आलं. डेल्मरने ती बदलून दिली, जुनी भिंतीला टांगली आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. 'दुपारी बारानंतर हार्लनचा हात ग्लासावर असतो, रीमरवर नाही,' असं तो म्हणे. हार्लन काही बोलला नाही. दोन वर्षांत त्याच्याकडचं काम आटलं आणि तो लाकूडतोडीच्या यांत्रिक करवती दुरुस्त करू लागला. डेल्मरला याचं वाईट वाटलं का? अजिबात नाही. त्याला वाटलं, नाचता येईना त्याने अंगणात उतरू नये.

आणि आता नेडीनची गोष्ट.

नेडीन मार्कोविच शाळेची बस चालवत होती. वय अठ्ठावन्न. उजव्या खांद्यात धातूचा सांधा बसवलेला. रायफलचा दस्ता पुन्हा त्या खांद्याला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून तिने बापाचं पिस्तूल काढलं. बाप अँटन हा डेल्मरचा तीस वर्षांचा शिकारीचा जोडीदार, सहा वर्षांपूर्वी गेलेला. दोन्ही हातांनी धरून, पाठपिशवीवर टेकवून, नेडीन ते चांगलं चालवी. पण नळी होती जुन्या, मवाळ थर्टी-थर्टी काडतुसाची. मागच्या हिवाळ्यात खालच्या रानात तिने दीडशे पावलांवरून एका एल्कच्या मादीला गोळी घातली. लागली, पण पुरेशी आत गेली नाही. नेडीन दोन दिवस बर्फातल्या रक्ताच्या थेंबांमागे चालली. तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला आणि थेंब संपले. हे तिने डेल्मरला एकदाच सांगितलं.

या वर्षी नऊ वर्षांनी तिचं नाव सोडतीत निघालं, वरच्या डोंगरातल्या एका मादीचा परवाना. ती नळी घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हिने मादी जागच्या जागी पडणार असेल तर मी जाते. नाहीतर परवाना परत करते. परत तसलं करायचं नाही मला."

"पडेल," डेल्मर म्हणाला. "बुधवारी ये."

हंगाम दहा दिवसांवर आला होता.

बुधवारी सकाळी त्याने टोपी लटकवली. लेथवर बहुतेक काम झाल्यावर शेवटचं थोडं तो नेहमी हाताने कापी. रीमर अर्धा फेरा फिरवायचा, बाहेर काढायचा, कीस पुसायचा, मग घरात गेज घालून बघायचा. गेज म्हणजे काडतुसाच्या मापाचा पोलादी ठोकळा. त्याची पाठ नळीच्या कडेशी सपाट आली की थांबायचं. अंगठ्याचं नख आडवं फिरवलं तरी डेल्मरला कळे. नख अडलं तर अजून कापायचं आहे, नाही अडलं तर झालं.

नख अडलं. त्याने अर्धा फेरा कापलं. पुन्हा अडलं. त्याला वाटलं, आज पोलाद चिवट आहे. पुन्हा अर्धा फेरा. नख अजूनही अडत होतं, तेवढंच. आता मात्र त्याच्या मानेवर घाम आला, कारण कापल्यावर काहीच बदलत नाही असं कधी होत नाही. त्याने गेज बाहेर काढला, उजेडात धरला आणि बघितलं. गेजच्या खांद्याला, म्हणजे पुढच्या उतरत्या कडेला, तेलात चिकटलेला कीस, नखाच्या कातरणीएवढा. गेज पूर्ण आत जातच नव्हता, कीस त्याला उचलून धरत होता. आणि तो आपला कापत सुटला होता.

त्याने गेज पुसला, घर पुसलं, गेज परत घातला. तो आत गेला आणि कडेच्या खाली उतरला. डेल्मरने मोजलं. आठ हजारांश इंच. केसाच्या अडीचपट असेल.

चव्वेचाळीस वर्षं त्याने प्रत्येक वेळी आधी गेज पुसला होता. आज पुसला नव्हता. तो स्टुलावर बसला.

केसाच्या अडीचपट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण काडतूस घरात टेकायला हवं तिथे टेकलं नाही की उडताना पुंगळी मागे ताणली जाते, बुडाशी फाटते, आणि तापलेला वायू मागे येतो. मागे कोण असतं? दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस.

रायफल असती तर गोष्ट वेगळी होती. तिची नळी आट्यांवर बसते. काढायची, एक आटा कापायचा, पुढे सरकवून परत बसवायची. पण या पिस्तुलाच्या नळीखाली बिजागरीचा कान कंपनीतच कायमचा जोडलेला असतो. नळी पुढेही जात नाही, मागेही नाही.

त्याने दोन वाटा शोधल्या आणि दोन्ही सोप्या होत्या.

पहिली, अजून मोठा रीमर. खणात एक होता, एका दांडग्या मॅग्नम काडतुसाचा. तो फिरवला की चूक नव्या घरात विरघळून जाईल. नेडीनला जोर हवाच होता, तिला वाटेल डेल्मरने जास्तच दिला. पण पिस्तुलाच्या बिजागरीची खीळ पन्नास-साठ गोळ्यांत ढिली पडेल, आणि नेडीनचं मनगट त्याच्याही आधी.

दुसरी वाट त्याहून सोपी. पुंगळ्या करायच्या साच्याखाली आठ हजारांश जाडीची पत्र्याची चकती घालायची. पुंगळ्या तेवढ्याच लांब होतील आणि या खोल घरात नीट टेकतील. तशी चाळीस काडतुसं भरून द्यायची आणि गप्प बसायचं. नेडीनची नळी चालेल, एल्क पडेल, कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तो चकतीसाठी पत्रा शोधायला उठलाही.

दीड वाजता आर्डिथ दारात आली. टोपी लटकलेलीच होती. ती आत आली नाही, उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "सूप दोनदा गरम केलंय. तिसऱ्यांदा मांजराला घालीन."

"घाल."

आर्डिथने त्याच्याकडे पाहिलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात टोपी लटकलेली असताना ती कधी आत आली नव्हती. आज आली आणि समोरच्या पेटीवर बसली.

"काय केलंस?"

"काही नाही."

"मग रीमर का थांबलाय? तासाभरात आवाज नाही. मला वाटलं पडलास बिडलास."

त्याने सांगितलं. कीस, गेज, आठ हजारांश. आर्डिथला यातलं बरंच कळे, कारण इतकी वर्षं जेवणात मिठाबरोबर हेच असे. तिने पत्र्याचा तुकडा बघितला.

"हा कशाला?"

"पुंगळ्या थोड्या लांब करीन. नीट बसतील. काही होणार नाही."

"आणि नेडीनला?"

"तिला आधीच थोडे दिवस राहिलेत. उगाच कशाला घोर लावायचा."

"तिला घोर नको, की तुला लाज नको?"

आर्डिथने मान वर करून भिंतीवरची हार्लनची नळी बघितली. चिठ्ठीवरची अक्षरं तिला इतक्या लांबून वाचता येत नव्हती, पण पाठ होती.

"माझी आजी म्हणायची, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही," ती उठता उठता म्हणाली. "आणि तुझं तर गेजलाच चिकटलेलं होतं, म्हाताऱ्या. सूप घालते मांजराला."

साडेचारला मुलांना घरोघर सोडून नेडीन आली, बस रस्त्यावर उभी करून. काखेत फडक्यात गुंडाळलेली पोवितिसा, अक्रोड भरलेला गुंडाळीचा गोड पाव. तिच्या आजीकडून आलेली ही रीत, काम सांगितलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. डेल्मरने पाव घेतला आणि कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"झाली का?" नेडीन म्हणाली. नळी टेबलावर होती. तिने उचलली आणि डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं. "आरशासारखी झालीय हो. आणि अजून जोर देता येत असेल तर द्या. मी मनगटाला पट्टा बांधीन. यंदा मला अर्धवट नकोय."

सोपी वाट अशी स्वतःच्या पायांनी चालत दारात आली होती. डेल्मरची नजर खणाकडे गेली. "देता येईल," एवढे शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि त्याला समोर अँटनची लेक दिसली, दोन दिवस बर्फात थेंब शोधत चाललेली. त्याला स्वतःची शरम वाटली.

"नेडीन, बस," तो म्हणाला. "मी घर जास्त खोल कापलंय."

ती बसली नाही. "किती?"

"आठ हजारांश."

"ते किती असतं?"

"केसाच्या अडीचपट."

"मग एवढं काय?"

त्याने सगळं सांगितलं, पुंगळी कशी फाटते आणि वायू कुठे येतो ते. सांगताना स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. नेडीनने नळी हळूच टेबलावर ठेवली.

"म्हणजे बाबांची नळी गेली."

"गेली नाही. पुंगळ्या वेगळ्या मापाने केल्या तर चालेल, नीट चालेल. पण बाकी अकरांसारखी राहिली नाही. हिला हिचीच काडतुसं. दुसऱ्याचं घातलं तर..."

"आणि तुम्ही हे सांगितलंच नसतं तर?"

"दोन-चार वर्षं काही झालं नसतं."

"मग?"

"मग कधीतरी तंबूत तुझी संपली असती आणि कुणीतरी प्रेमाने त्याची दोन दिली असती."

नेडीन चिडली होती, आणि चिडल्यावर तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. "बाबा तुमच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत हिला," ती म्हणाली. मग तिने भिंतीकडे बघितलं. "तिथे जागा केलीत का आता? हार्लनच्या शेजारी?"

"माझी स्वतःची नळी घेऊन जा," डेल्मर म्हणाला. "तुझ्याच पिस्तुलाच्या मुठीवर बसेल. अकरांतली पहिली आहे ती. कायमची ठेव."

"मला तुमची नकोय. बाबांची घेऊन आले होते, बाबांचीच नेणार." ती खिडकीशी जाऊन बसकडे बघत उभी राहिली. "माझ्या गाडीत एकोणतीस पोरं असतात. रोज सकाळी मी गाडीभोवती फेरी मारते. दिवा गेलेला असो, ब्रेक जड लागत असो, सगळं तक्त्यावर लिहायचं, सही करायची, तक्ता चाकाशेजारी लटकवायचा. म्हणजे उद्या मी आजारी पडले आणि दुसरं कुणी बसलं, तर त्याला कळलं पाहिजे. तसं लिहा. नळीवर."

"नळीवर?"

"मग कुठे? चिठ्ठी हरवते. आणि बारीक नको, दुर्बिणीखाली लपवून नको. सगळ्यांना वाचता येईल असं."

हंगामाच्या आदल्या रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर सगळे दुर्बिणीचा नेम जुळवायला जमत आणि तिथे नळ्या फिरवायची रीत होती. पिस्तुलाची एक खीळ काढली की नळी सुटते. अकराही नळ्या लांब टेबलावर ठेवायच्या, एकेक करून हातोहात फिरवायची, प्रत्येकाने आकाशाकडे धरून आतून बघायची आणि बाहेरची अक्षरं वाचायची. तिथे न वाचलेलं अक्षर राहत नसे.

"लिहितो," तो म्हणाला.

"आणि पहिली गोळी?"

"ती मीच उडवतो, नेहमीच. आधी टायरला बांधून, दोरीने. मग हाताने."

"डोळा लावून?"

"डोळा लावून."

"मग मी थांबते बघायला," नेडीन म्हणाली. "पाव कापा तोवर. आर्डिथलाही बोलवा."

तिने तोवर पाव खाल्ला आणि डेल्मरने साच्याखाली चकती घातली, सहा पुंगळ्या केल्या, भरल्या. मागच्या अंगणात मातीच्या बांधासमोर पिस्तूल जुन्या टायरला आवळलं आणि भिंतीआडून दोरी ओढली. पुंगळी काढून त्याने आर्डिथला दिली, नेडीनला दिली, मग स्वतः भिंगाखाली बघितली. बूड गुळगुळीत होतं. आणखी दोन तशाच उडवल्या. मग पिस्तूल सोडवलं, दोन्ही हातांत धरलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. चव्वेचाळीस वर्षांत हे करताना त्याला भीती वाटली नव्हती. आज वाटली. चाप ओढला, पिस्तूल हातात उसळलं, बांधावरची माती उडाली. डोळा जागेवर होता.

"ठीक आहे," नेडीन म्हणाली. बस न्यायला निघताना तिने उरलेला पाव मात्र परत फडक्यात गुंडाळून नेला. आर्डिथने त्याला बजावलं की हे बरोबरच झालं.

गुरुवारी त्याने अक्षरांचे ठसे काढले. पोलादाचे, एका अक्षराला एक आणि प्रत्येकावर हातोडीचा एकच ठोका. दुसरा मारला की अक्षर दुहेरी उमटतं. आधी जुन्या 'थर्टी-थर्टी'वर आडवी रेघ मारली. मग खाली 'थर्टी क्विस्ट' ठोकलं, हे त्याने अकरा वेळा ठोकलेलं होतं. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'आठ हजारांश खोल. फक्त हिचीच काडतुसं.' आणि शेवटी ते, जे त्याने आजवर कुठल्याही नळीवर ठोकलं नव्हतं. त्याच्या मते त्याचं काम न सांगता ओळखू येत असे. आज त्याने पूर्ण नाव ठोकलं. डेल्मर क्विस्ट.

मग त्याने भिंतीवरून हार्लनची नळी उतरवली. का उतरवतोय ते त्याला नीट माहीत नव्हतं, बहुधा तिच्याकडे बघत काम करवत नव्हतं. एकोणीस वर्षांची धूळ पुसून त्याने आत दिवा धरला. भिंती सरळ होत्या, कडा गोल, पृष्ठभाग काचेसारखा. दारू प्यायलेल्या हाताने कापलेलं घर वाकडं जातं, खरवडतं, लाटा उठतात. हे घर निष्णात हाताने, सावकाश, अर्धा अर्धा फेरा कापलेलं होतं. फक्त अकरा हजारांश जास्त. हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वीही इथेच होतं आणि त्याच्याकडे हाच दिवा, हेच डोळे होते. त्याने तेव्हा खोली मोजली होती, बघितलं नव्हतं.

रविवारी मैदानावर थंडी होती. टेबलाच्या एका टोकाला कुणीतरी मिरचीच्या रश्श्याचं पातेलं ठेवलं होतं, आर्डिथ ते वाढत होती. नेडीनने शंभर यार्डांवर तीन गोळ्या घातल्या, तिन्ही कॉफीच्या बशीखाली झाकता येतील अशा. ती पिस्तूल घेऊन परत आली, खीळ काढली आणि नळी टेबलावर ठेवली, अक्षरं वर करून. पुढच्या आठवड्यात याच नळीने तिची मादी उभ्या जागी कोसळली, आणि तिने क्विस्टांच्या घरी अर्धं काळीज पाठवलं, पावासकट. पण ते नंतरचं.

त्या दिवशी नळी फिरली. पहिल्याने आकाशाकडे धरली, शिट्टी घातली, मग बाहेरून वाचली आणि शिट्टी मध्येच थांबली. त्याने ती दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणी मोठ्याने वाचलं नाही. एकजण म्हणाला, "डेल्मर, हे काय रे?" डेल्मर म्हणाला, "लिहिलंय तेच." मग तो उगाच वाटीतला रस्सा ढवळत राहिला. त्याचे कान तापले होते. सगळ्यांचं वाचून झालं. आपण अजून उभेच आहोत, याचं त्याला नवल वाटलं.

मैदानाच्या शेवटच्या टोकाला हार्लन स्टब्स दरवर्षीप्रमाणे एकटा, छोट्या रायफलने डबे पाडत बसला होता. गेली एकोणीस वर्षं तो या टेबलापाशी आला नव्हता. नेडीनने नळी उचलली, सरळ त्याच्यापर्यंत चालत गेली आणि त्याच्या हातात दिली. काय बोलली ते इकडे ऐकू आलं नाही. हार्लनने खिशातून चष्मा काढला. नळी आधी आतून बघितली, पुष्कळ वेळ. मग बाहेरची अक्षरं वाचली. मग उठला आणि नळी घेऊन टेबलाकडे आला. लोकांनी वाट दिली.

हार्लन आता चौऱ्याहत्तरचा होता. करवतींच्या तेलाने नखं काळी पडलेली. नळी डेल्मरसमोर ठेवून तो म्हणाला, "कीस होता?"

"कीस," डेल्मर म्हणाला. "गेजला चिकटलेला."

"खांद्यावर?"

"खांद्यावर."

हार्लनने मान हलवली. "नख अडतच राहतं. वाटतं पोलाद चिवट आहे."

"हो."

"माझंही तेच झालं होतं," हार्लन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच डेल्मरला तो ऐकवेना. "त्या दिवशी तू माझ्याकडे आला असतास तर सांगितलं असतं. मला वाटलं होतं येशील. तूच एक होतास ज्याला ते कळलं असतं."

डेल्मरला बोलायचं होतं. त्याने गाडीत, पुढच्या सीटखाली, फडक्यात गुंडाळून नळी आणली होती, चिठ्ठी काढून. ती देताना काय म्हणायचं तेही त्याने सकाळपासून जुळवलेलं होतं. त्यातलं एकही अक्षर आठवलं नाही.

"हार्लन, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुझी नळी गाडीत आहे."

हार्लनने चष्मा काढून खिशात ठेवला. टेबलावरचं पातेलं, वाट्या, अकरा नळ्या आणि बारावी, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"अकरा होती ना माझी?" त्याने विचारलं.

"अकरा."

"आणि ही आठ." हार्लन बाकावर बसला आणि आर्डिथपुढे रिकामी वाटी धरली. "जा, घेऊन ये मग. इथे सगळ्यांच्या नळ्या फिरतात ना? माझीही फिरू दे."

डेल्मर गाडीकडे निघाला. त्याला घाई होती, आणि चालताना त्याला स्वच्छ दिसत नव्हतं.